टेलगेटिंगसाठी गॅस ग्रिल: कोणतं घ्यावं आणि पार्किंग लॉटमध्ये कसं चालवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून येऊन अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल एअरला स्थायिक झालेलं जोडपं. या मोसमात ऑफिसातल्या मंडळींबरोबर बॉल्टिमोरला रेव्हन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्यांआधी टेलगेटिंग करायचंय, म्हणजे स्टेडियमच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीजवळ ग्रिल लावून खाणंपिणं. आठ-दहा माणसं, त्यात तीन शाकाहारी. मध्यम आकाराची एसयूव्ही, बजेट अडीचशे डॉलरच्या आसपास. विचारलंय की जास्तीत जास्त बीटीयूचं (बीटीयू म्हणजे उष्णतेचं एकक) ग्रिल घ्यावं का, छोटा हिरवा सिलिंडर पुरेल की घरचा मोठा न्यावा, आणि नवख्या माणसाने सांभाळायचं काय.

दुकानात उभं राहिलं की खोक्यावर बीटीयूचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत दिसतो, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू. हा आकडा ग्रिल तासाला किती गॅस जाळतं ते सांगतो. त्यातली किती आच जाळीपर्यंत पोहोचते आणि किती वाऱ्यावर जाते, हे त्यात कुठेच येत नाही. वेबर क्यू १२०० हे ग्रिल ८,५०० बीटीयूचं आणि जाळी १८९ चौरस इंच. कोलमन रोडट्रिप २८५ ला तीन बर्नर, २०,००० बीटीयू, जाळी २८५ चौरस इंच. भागाकार केलात तर कोलमन दर चौरस इंचाला वेबरच्या दीडपट गॅस जाळतं. म्हणून चिकन दीडपट लवकर होतं का? नाही. क्यूचं अंग जाड ओतीव ॲल्युमिनियमचं, झाकण खोल आणि घट्ट बसणारं, जाळी ओतीव लोखंडाची. मिळालेली उष्णता ते धरून ठेवतं. ज्याचं अंग पातळ आणि फटी मोठ्या, त्याला तेवढ्याच कामासाठी जास्त जाळावं लागतं. कोलमन वाईट आहे असं मी म्हणत नाही. चाकं आहेत, स्वतःचे पाय आहेत, टेबल लागत नाही, तीन बर्नर वेगवेगळे चालवता येतात. फक्त वीस हजाराचा आकडा पाहून पाकीट काढू नका.

टेलगेटिंगच्या ग्रिलची खरी परीक्षा चिकन भाजताना होत नाही, ती शेवटच्या तासात होते. घरामागच्या अंगणात जेवण झालं की ग्रिल तसंच सोडून आत जाता येतं. इथे सामना एक वाजता सुरू होतो, सुरक्षा तपासणीच्या रांगेत वेळ जातो, म्हणजे सव्वाबाराला सगळं गाडीत आणि गाडीला कुलूप. गरम ग्रिल गाडीत ठेवता येत नाही आणि बाहेर सोडून जाता येत नाही. ओतीव लोखंडाची जाळी हाताला सोसेल इतकी निवायला अर्धा-पाऊण तास घेते. उलटा हिशेब मांडा: साडेअकराला नॉब बंद. भाजायला सव्वादहाला सुरुवात. त्याआधी पंधरा मिनिटं ग्रिल तापवणं आणि अर्धा तास मांडामांड, म्हणजे साडेनवाला गाडी लॉटमध्ये. प्रत्यक्ष भाजायला सव्वा तास मिळतो. ग्रिलचा आकार, गॅस आणि पदार्थ हे सगळं या सव्वा तासावरून ठरवायचं.

आता आकार. चार इंची बर्गर पॅटी, भोवती उलथनं घालायला जागा, असं धरलं तर एकीला साधारण वीस चौरस इंच लागतात. क्यू १२०० वर एका वेळी नऊ, वेबर ट्रॅव्हलरवर (जाळी ३२० चौरस इंच, १३,००० बीटीयू) सोळा. दहा माणसं सव्वा तासात जेवायची तर क्यूवर तीन खेपा आरामात होतात, आणि टेलगेटिंगमध्ये कोणी पंगतीला बसत नाही. एक खेप उतरते, लोक हातात घेऊन फिरतात, तोवर दुसरी चढते. तुमच्या दहा जणांना क्यू १२०० किंवा त्याच ताकदीचं दुसरं कुठलंही ग्रिल पुरेसं आहे. मॉडेलच्या शेवटची अक्षरं अधूनमधून बदलतात, त्यात गुंतू नका. ट्रॅव्हलरचं वैशिष्ट्य म्हणजे ते दुमडताना झाकणाला आपोआप खिटी लागते आणि ते ट्रॉलीसारखं ओढत नेता येतं, पण वजन आणि किंमत दोन्ही चढी. पंधरा-वीस जणांचा गोतावळा जमायला लागला की तिकडे वळा.

दुकानात गेलात की चार गोष्टी हाताने पाहा. झाकण लावून ग्रिल उचला आणि तिरकं करा: झाकण उघडलं तर ते गाडीतही उघडणार. तेल गोळा होणारा ट्रे बाहेर ओढून पाहा, तो खोल हवा. जाळी उचलून वजन पाहा. आणि मंद आचेच्या खुणेपर्यंत नॉब सावकाश फिरतो का ते बघा. स्वस्त ग्रिलमध्ये ‘मंद’ आणि ‘मोठा’ यांत फरकच नसतो, आणि पनीर-भाज्यांना नेमकी मंद आच लागते.

तीन शाकाहारी आहेत म्हणता, तर क्यूची आणखी एक सोय कामाची आहे. त्या ग्रिलची जाळी दोन अर्ध्या भागांत येते. त्यातला एक अर्धा शाकाहारासाठीच ठेवा, कडेला तांब्याची तार गुंडाळून खूण करा. तरी झाकण एकच आहे, आत धूर एकच फिरतो. ज्यांना चालतं त्यांना चालतं, पण फुटबॉलचा मोसम गणपतीपासून नवरात्रापर्यंतच्या दिवसांवरूनच जातो आणि त्या दिवसांत कोण किती पाळतं हे आधी विचारलेलं बरं. आमच्याकडे सरळ नियम आहे: पहिली खेप शाकाहारी, ग्रिल स्वच्छ असताना. कणसं, पनीर, ढोबळी मिरची, कांद्याच्या जाड चकत्या आणि पाव. मग मांसाहार. त्यामुळे शाकाहारी माणूस ‘माझं कधी होणार’ म्हणत कोपऱ्यात उभा राहत नाही.

आता गॅस. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. इथल्या ग्रिलच्या सिलिंडरमध्ये जवळजवळ निव्वळ प्रोपेन. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतं, ब्यूटेन शून्याच्या जरासं खाली. म्हणूनच एच-मार्ट या कोरियन किराणा दुकानातून आणलेली ब्यूटेनच्या डब्याची शेगडी, जिच्यावर आपण घरी पावभाजी करतो, ती डिसेंबरच्या सकाळी लॉटमध्ये मान टाकते. डबा भरलेला असतो, पण आतलं द्रव वायूच होत नाही. सप्टेंबरात ती दुसरी शेगडी म्हणून न्या, थंडीत घरी ठेवा.

छोटा हिरवा सिलिंडर एक पौंडाचा, नेमकं सांगायचं तर १६.४ औंस म्हणजे ४६५ ग्रॅम प्रोपेनचा. त्यात साधारण साडेएकवीस हजार बीटीयू असतात. ८,५०० चं ग्रिल पूर्ण आचेवर त्यावर अडीच तास चालतं, १३,००० चं पावणेदोन तासांच्या आतच, २०,००० चं जेमतेम एक तास. तुमच्या सव्वा तासाला क्यूवर एक पुरतो. तरी दोन घेऊनच निघा.

थंडीत हा हिशेब का बिघडतो ते समजून घ्या, कारण नोव्हेंबरनंतर ‘ग्रिल बिघडलं’ अशी तक्रार हमखास ऐकू येते. द्रव प्रोपेनचा वायू होताना ते सिलिंडरमधलीच उष्णता ओढून घेतं. सिलिंडर गार पडतो, बाहेरून द्रवाच्या पातळीपर्यंत दव किंवा हिम साचतं, आतला दाब उतरतो आणि ज्योत बारीक होते. सिलिंडर जितका लहान आणि जितका रिकामा, तितकं हे लवकर. म्हणून गेल्या वेळचा अर्धा उरलेला सिलिंडर डिसेंबरात आधी लावू नका. भरलेला लावा. ज्योत मंदावली की बंद करून दुसरा लावा, पहिल्याला बाजूला सावरू द्या. सिलिंडर कोमट पाण्याच्या थाळीत उभा ठेवणारे लोक आहेत. हाताला सुखद वाटेल इतपतच कोमट असेल तर हरकत नाही. उकळतं पाणी, हीटर, आगीजवळ ठेवणं हे कदापि नाही. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेची मंडळी तर याहून कडाक्याच्या थंडीत ग्रिल पेटवतात. ३१ डिसेंबर १९६७ च्या त्या गाजलेल्या सामन्याला तिथल्या लॅम्बो फील्ड स्टेडियमवर उणे १३ फॅरनहाइट, म्हणजे उणे २५ सेल्सियस होतं. त्याही तापमानाला प्रोपेन उकळतं, पण मोठ्या सिलिंडरमधून.

मोठ्या सिलिंडरबद्दल तुम्ही विचारलंय. घरचा वीस पौंडी न्यावा का? दोन कारणांसाठी नाही. एक तर तो गाडीत आडवा होता कामा नये, उभाच बांधून न्यावा लागतो. दुसरं कारण खास तुमच्या वाटेवरचं आहे. बेल एअरहून आय-९५ महामार्गाने आलात की फोर्ट मॅकहेन्री बोगदा लागतो. त्यात आणि हार्बर टनेलमध्ये दहा पौंडांपेक्षा मोठा प्रोपेनचा सिलिंडर न्यायला मनाई आहे. पूर्वी असं सामान असलेल्या गाड्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जायच्या. तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून पडला. वीस पौंडी घेऊन निघालात तर आय-६९५ वरून वळसा घालून आय-८३ धरावा लागेल, आणि सामन्याच्या सकाळी तो वळसा नकोसा होतो.

मधला मार्ग पाच पौंडांचा, पुन्हा भरता येणारा सिलिंडर. पाच हिरव्या सिलिंडरांएवढा गॅस, थंडीत जास्त दम, बोगद्याला अडचण नाही. त्यासाठी जोडनळी लागते. इथे बरेच जण चुकीची वस्तू उचलतात. छोट्या सिलिंडरच्या ग्रिलला रेग्युलेटर स्वतःचा असतो, म्हणून तुम्हाला हवी ती रेग्युलेटर नसलेली नळी: एका टोकाला मोठ्या सिलिंडरची चकती, दुसऱ्या टोकाला छोट्या सिलिंडरच्या तोंडासारखा आटा. अंगणातल्या ग्रिलची रेग्युलेटरवाली नळी मध्ये घातलीत तर दाब दोनदा उतरतो आणि ज्योत मिणमिणते.

जोडनळी वापरताना आणखी एक गंमत होते. मोठ्या सिलिंडरच्या जोडणीत गळती रोखणारी झडप असते. नळी फुटून गॅस भसकन जाऊ लागला तर ती वाट आवळते. तुम्ही ग्रिलचा नॉब आधी उघडून मग सिलिंडर झटक्यात उघडलात तर तिला वाटतं नळीच फुटली. मग कितीही फिरवा, आच वाढत नाही. उपाय सोपा. दोन्ही बंद करा, नळी सिलिंडरपासून सोडवा, मिनिटभर थांबा, पुन्हा जोडा, आधी सिलिंडर अगदी सावकाश उघडा, मग ग्रिल पेटवा. पेटवताना झाकण उघडंच हवं. प्रोपेन हवेपेक्षा जड, बंद झाकणाखाली साचतं आणि ठिणगी पडली की भडका थेट तोंडावर. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा. ठिणगीचं बटण दमट हवेत दगा देतं, म्हणून लांब दांड्याचा लायटर सामानात कायमचा.

प्रत्येक जोडणीनंतर साबणाचं पाणी लावा. अर्धी वाटी पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, जुना ब्रश. गॅस उघडा, बर्नर बंद ठेवा, सांध्यावर लावा. बुडबुडे फुगले तर बंद करून पुन्हा घट्ट करा, तरी फुगले तर ती जोडणी त्या दिवशी वापरायची नाही. छोटा सिलिंडर काढल्यावर त्याच्या तोंडालाही एक थेंब लावून बघा. कधीकधी आतली झडप नीट बसत नाही आणि तो हळूहळू गळत राहतो. असा सिलिंडर गाडीत बंद करून सामना बघायला जाणं धोक्याचं आहे.

लॉटमध्ये जागा लावताना ग्रिल गाडीच्या मागच्या दारावर किंवा फळीवर ठेवू नका. चित्रांत तसंच दाखवतात, पण बंपर प्लास्टिकचा असतो आणि तो वितळतो. धातूचं घडीचं टेबल घ्या. पांढरं प्लास्टिकचं टेबल गरम तळाखाली हळूहळू खचतं. गाडीपासून पाच-सहा फूट सोडा, शेजाऱ्याच्या गाडीपासूनही. तंबूच्या छताखाली ग्रिल नाही, पाऊस आला तरी नाही, कारण कापड पेटतं आणि बाजूचे पडदे पाडलेले असतील तर कार्बन मोनॉक्साइड साचतो.

वारा हा लॉटमधला खरा शत्रू. मागच्या फटीतून वारा आत शिरला तर आतली आच पुढे नॉबकडे ढकलली जाते, नॉब तापतात, कधी ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. ग्रिल असं फिरवा की वारा बाजूने जाईल. आडोसा म्हणून गाडी पुरे. चारी बाजूंनी फॉइल किंवा पत्रा लावून ग्रिलला कोंडू नका, आत सिलिंडरही कोंडला जातो आणि तापतो. आणि झाकण बंद ठेवा. हे सांगणं सोपं, पाळणं अवघड, कारण भोवती जमलेला प्रत्येक जण ‘बघू, झालं का’ म्हणून झाकण उचलतो. दर उचलण्याला आच उतरते. आमच्याकडे चिमटा ज्याच्या हातात, झाकणाला हात फक्त त्याचा.

काय भाजावं यावर मी फार लिहीत नाही, तुम्हाला येतं. फक्त सव्वा तासाच्या हिशेबाने निवडा. हाडाचं चिकन लॉटमध्ये करू नका, वेळ खातं आणि आत कच्चं राहतं. बिनहाडाच्या मांडीचे तुकडे आदल्या रात्री दही, आलं-लसूण, तिखट, मिठात घाला, पण भाजण्याआधी जास्तीचं दही निपटा, नाहीतर ते जाळीला चिकटून करपतं. गोड बार्बेक्यू सॉस शेवटच्या दोन-तीन मिनिटांत लावा. मक्याच्या कणसाला अर्ध्यांना लिंबू-तिखट-मीठ, अर्ध्यांना लोणी आणि ओल्ड बे, म्हणजे इथला तयार मसाला. बॉल्टिमोरात राहून ओल्ड बे नाकारता येत नाही, आणि कोलंबीवर ते लिंबाबरोबर खरोखर चांगलं लागतं. कोलंबीच्या सळया चार-पाच मिनिटांत होतात, म्हणून त्या शेवटच्या खेपेला.

काट्याचा नाही, डिजिटल थर्मामीटर घ्या, पंधरा-वीस डॉलरचा. चिकन आतून १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सियस), खिम्याच्या पॅटी १६० (७१ सेल्सियस). रंगावर विसंबू नका. कच्चं मांस कूलरच्या तळाशी, गळणार नाही अशा डब्यात, आणि पेयांचा कूलर वेगळा, कारण तो दर मिनिटाला उघडतो. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही. सप्टेंबरात पारा ९० फॅरनहाइटच्या (३२ सेल्सियस) वर असेल तर एकच तास. सामन्यानंतर ‘उरलंय ते खाऊ’ म्हणून गाडीतला डबा उघडायचा नाही. तो कूलरमध्ये बर्फात नसेल तर टाकून द्या.

पेट घेतलेल्या चरबीवर पाणी ओतायचं नाही. नॉब बंद, मोठा सिलिंडर जोडलेला असेल तर तोही बंद, झाकण लावा. छोटं एबीसी अग्निशामक गाडीत हवंच.

आवरताना क्रम असा. जोडनळीने मोठा सिलिंडर लावला असेल तर तो आधी बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, मग नॉब. छोट्या हिरव्या सिलिंडरला बंद करायची चावी नसते, तिथे नुसता नॉब बंद करा. झाकण उघडं ठेवा, जाळी गरम असतानाच ब्रशने घासा. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी टाकू नका, तडकतं. सिलिंडर काढून टोपी लावा. तळाचा ट्रे निवल्यावर तेलासकट पिशवीत. मग ग्रिलच्या तळाला हात लावून बघा, झाकणाला नाही. झाकण लवकर निवतं आणि फसवतं.

निघण्याआधी तुमच्या लॉटच्या पासामागचे नियम वाचा. प्रत्येक लॉटचे वेगळे असतात: तंबूचा आकार, मोकळी आग, एका गाडीला किती जागा. आणि पहिली पेटवापेटवी सामन्याच्या दिवशी करू नका. अपार्टमेंटच्या बाल्कनीत ग्रिल लावायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, म्हणून ग्रिल चालणाऱ्या एखाद्या पार्कात शनिवारी नेऊन एक खेप काढा. नव्या ग्रिलवरचं कारखान्यातलं तेलही तिथेच जळून जाईल.

रिकामे हिरवे सिलिंडर स्टेडियमच्या कचऱ्यात टाकू नका. पूर्ण रिकामा कधीच नसतो, आणि कचरागाडीत दाबला की फुटतो. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर घेतात. हे एकदाच वापरायचे सिलिंडर घरी भरायचे व्हिडिओ दिसतील, त्या वाटेला जाऊ नका. पुन्हा भरायचे असतील तर त्यासाठीच बनवलेले एक पौंडी मिळतात, ते घ्या. कॅलिफोर्नियाने तर २०२८ पासून एकदाच वापरायच्या सिलिंडरांची विक्रीच बंद करायचा कायदा केला आहे. मोसम संपला की सिलिंडर घरात किंवा गॅरेजमध्ये नाही, बाहेर सावलीत उभे. ग्रिल आत ठेवलं तरी चालेल, पण सप्टेंबरात पुन्हा काढाल तेव्हा बर्नरच्या नळीत बारीक ब्रश फिरवा. कोळी तिथे जाळं करतात, आणि ज्योत निळ्याऐवजी पिवळी, लांब आणि धुरकट दिसली तर बहुतेक वेळा कारण तेच असतं.